टिटवीचं चौथं अंडं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण उन्हाळी शिबिरांची यादी छापली. पुण्यात राहणाऱ्या भाचीच्या मुलासाठी मी ती वाचत होते. त्यात एक होतं : वय वर्षं तीन ते सहा, 'पक्ष्यांच्या जगात', चार दिवस, रोज दोन तास, वातानुकूलित सभागृह, मोठ्या पडद्यावर पक्षी, शेवटच्या दिवशी पोपटाचा मुखवटा आणि प्रमाणपत्र. फी वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचली. शिबिर घेणाऱ्यांवर माझा राग नाही. शहरात एप्रिलच्या उन्हात एवढ्या लहान पोरांना न्यायचं कुठं, हा प्रश्न खराच आहे. पण पक्षी आणि सभागृह एका ओळीत बघून राहवलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

मी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी असलेल्या एका गावात चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पटावर बावीस मुलं, मदतीला एक मावशी, एक खोली, पुढं हातपंप. मागं मुरमाड पडीक जागा, तिच्या कडेला एक जुनी बाभूळ, आणि पलीकडं नजर जाईल तिथवर ऊस. गावाचं नाव देत नाही. मुलांची नावंही देत नाही, ती आता मोठी झालीत, त्यांना आवडायचं नाही.

आधी स्वतःची चूक सांगते. पहिली बरीच वर्षं मीसुद्धा पक्षी भिंतीवरच शिकवले. तक्ता होता, चकचकीत, चौकोनाचौकोनांचा. पेंग्विन, शहामृग, मकाव, टर्की, राजहंस. मी पट्टी ठेवायची, मुलं एका सुरात ओरडायची. एकदा एकानं पेंग्विनवर बोट ठेवून विचारलं, "बाई, ह्यो कुठं ऱ्हातो?" म्हटलं, बर्फात. तो जरा थांबला आणि म्हणाला, "गोळ्याच्या गाडीवर?" मी खूप हसले. घरी सगळ्यांना सांगितलं, तेही हसले. रात्री मात्र ते हसू उतरलं. त्या पोरानं त्याला ठाऊक असलेला एकुलता एक बर्फ मला सांगितला होता. त्याचं बरोबरच होतं, तक्ता चुकीच्या गावात टांगला होता.

तरीही तक्ता काढला नाही. काढायला लावला तो टिटवीनं.

नऊ वर्षांपूर्वीचा एप्रिल. मावशी भांडी घासायला मागं गेल्या आणि परात तिथंच टाकून परत आल्या. "ताई, ती बया डोक्यावरच येतीया, मला बसूच देईना." मागं जाऊन बघितलं तर टिटव्यांची जोडी आकाश डोक्यावर घेऊन घिरट्या घालत होती. बरंच शोधल्यावर मुरमात चार अंडी दिसली. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. बशीएवढी खोलगट जागा, कडेनं खडे आणि शेळ्यांच्या वाळक्या लेंड्या. अंडी मातकट, वर काळे डाग, निमुळती टोकं आत वळवलेली. मान वर करून परत खाली बघावं तर सापडायची नाहीत.

मुलांना तिथं जाऊ द्यायचं नाही, हे नक्की होतं. पण बावीस पोरांना 'तिकडं बघू नका' म्हणणं म्हणजे दारातल्या आंब्याकडं बघू नका म्हणण्यासारखं. मग पंधरा ढांगांवर दगडांची एक ओळ मांडली. ओळीच्या अलीकडं बसायचं, पलीकडं पाय टाकायचा नाही. रोज सकाळी ऊन चढायच्या आत दहा मिनिटं. पहिले दोन दिवस काही म्हणजे काहीच झालं नाही. टिटवी बसलेली, आम्ही बसलेलो. पोरं चुळबुळ करायची, एकमेकांच्या पाठीवर खडे घालायची. मला वाटलं, हे काही जमायचं नाही.

चौथ्या दिवशी एक पोरगी, तिला छकुली म्हणू, माझा पदर ओढून कानात म्हणाली, "बाई, ती मुतली का? तिचं पोट वल्लं झालंय."

सगळ्यांनी बघितलं. खरंच ओलं होतं. पोटाची पिसं चिकटून लोंबत होती. मग आम्ही नुसतं पोटच बघायला लागलो. टिटवी उठायची, तिचा जोडीदार येऊन अंड्यांवर बसायचा. ती चालत, मधेच उडत हातपंपाच्या डबक्याशी जायची, गुडघे मोडल्यासारखी पाण्यात बसायची, अंग घुसळायची, आणि थेंब गाळत परत यायची. मग ते ओलं पोट अंड्यांवर. ऊन जसं चढेल तशा फेऱ्या वाढायच्या. नंतर भिगवणकडं पक्षी बघायला येणाऱ्या एका जाणकारांना विचारलं तेव्हा कळलं की उन्हाळ्यात टिटव्या असंच करतात. अंडी उन्हात भाजू नयेत म्हणून पोटाच्या पिसांत पाणी भरून आणतात. माझं माहेरही याच पट्ट्यातलं. आयुष्यभर टिटवी ऐकत आले, पण हे मला चार वर्षांच्या पोरीनं दाखवलं.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आणि तिची गोष्ट मी दरवर्षी सांगत होते. अंडी समुद्रानं नेली म्हणून चोचीनं समुद्र उपसायला निघालेली टिटवी. त्या वर्षी गोष्ट संपल्यावर छकुलीनं विचारलं, "आन् आपली टिटवी पाणी का आणती मग?" मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, ती समुद्राची टिटवी, ही हातपंपाची.

मे महिन्यात एका सकाळी आलो तर अंडी नाहीत. रडारड सुरू झाली. कुणी म्हणालं कुत्र्यानं खाल्ली, कुणी मुंगसाचं नाव घेतलं. तेवढ्यात एकजण किंचाळला, "बाई, दगुड पळाला!" टिटवीची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी, अंड्यातून निघाली की थोड्या वेळात चालायला लागतात. रंग असा की हलत नाहीत तोवर खडाच. आई ओरडली की जागच्या जागी थिजतात, आई गप्प झाली की दगड परत पळतात. त्याचा आम्ही खेळ केला. मी टिटवीसारखी ओरडले की सगळ्यांनी आहे तसं थिजायचं. चमचा तोंडात असला तर तोंडात. नऊ वर्षं झाली, तो खेळ अजून चालू आहे. 'शांत बसा' हे शब्द मी तेव्हापासून फारसे वापरलेले नाहीत.

चार पिल्लांतली दोनच पुढं दिसत राहिली. उरलेल्या दोघांचं काय झालं, असं मुलांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

त्यानंतर तक्ता कपाटावर गेला आणि आमची दोरी निघाली. नायलॉनची जाड दोरी, तिला बावीस गाठी, एकेका गाठीला एकेक मूल. पुढं मी इंजिन, मागं मावशी गार्ड. आठवड्यातून तीनदा, खिचडी शिजायला टाकली की, अंगणवाडीपासून बाभळीपर्यंत आणि परत. अंतर म्हणाल तर दोनशे पावलं. लोकांना वाटतं रानात फिरवायचं म्हणजे डोंगर पाहिजे, जंगल पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाला दोनशे पावलांत दिवस पुरत नाही, शिवाय वाटेत मुंगळे असतात, शेण असतं, बाटलीचं झाकण सापडतं. विहिरीकडं आम्ही जात नाही. कारखान्याचा हंगाम सुरू असला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळं रस्ता ओलांडत नाही. गवतात पाय नाही, घोणस असते. घरट्याला हात नाही, मग ते रिकामं दिसलं तरी. हा शेवटचा नियम मी समजुतीनं सांगते, पण मोठ्यांना कायद्यानंही सांगते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. आणि हो, पिंजऱ्यातला पोपटही त्यातच येतो. हे ऐकून गावातल्या एका ओसरीवरचा पिंजरा आतल्या खोलीत गेला. माझ्या बोलण्याचा तेवढाच परिणाम.

एका दात्यानं दुर्बीण दिली होती. चांगली, महागाची. मुलांनी ती उलटी धरून मावशींना बघितलं, मावशी लांब आणि छोट्या दिसल्या म्हणून पोरं अर्धा तास हसली, मग भांडली. दुर्बीण आता कपाटात तक्त्याशेजारी आहे. या वयाला दोन मुठींची दुर्बीण पुरते. तिनं लांबचं जवळ दिसत नाही हे खरं, पण पोरगं एका जागी बघत राहतं.

कानांचं काम डोळ्यांपेक्षा सोपं असतं, हे मला उशिरा कळलं. बाभळीखाली बसायचं, डोळे मिटायचे, नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. सध्या कोकीळ आहे, होला आहे, बुलबुल आहे, साळुंक्यांची भांडणं आहेत, आणि पिठाची गिरणी आहे. गिरणीला बोट उघडलं तरी मी मोजते. मागच्या आठवड्यात एकानं सहावं बोट उघडलं, दुसऱ्या हाताचं. म्हटलं, कसला आवाज? तर म्हणाला, "पंखांचा." वरून बगळे गेले होते.

एका वडिलांनी मला चांगलंच सुनावलं होतं. "रान आम्ही दाखवतोच की पोराला. तुम्ही एबीसीडी दाखवा. त्याला रानातनं बाहेर काढायचंय म्हणून तर अंगणवाडीत घातलाय." यावर मी काही बोलू शकले नाही. ज्याचे पाय जन्मभर रानात भाजले, त्याला 'निसर्ग' म्हणून सांगायचं तरी काय? मी त्याला दोरी दाखवली. पोरगं गाठी मोजत बावीसपर्यंत गेलं होतं. 'चार अंड्यांतली दोन पिल्लं दिसली, मग किती दिसली नाहीत' हे त्यानं बोटं न मोजता सांगितलं. वडील 'बरं' म्हणून गेले. पटलं असं मी म्हणणार नाही.

ज्याच्याविषयी मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे, तो आमच्या पटावरही नव्हता. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड मजूर येतात, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या पडतात. त्यांची लहान मुलं मी अंगणवाडीत बसवते, खिचडीपुरती तरी. एका वर्षी सहाएक वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन यायचा. दोन आठवडे त्याच्या तोंडातून शब्द नाही. रंग दिले, घेतले नाहीत. गाणी झाली, तोंड उघडलं नाही. आमची मुलं त्याला 'मुका' म्हणायला लागली होती. एका सकाळी आम्ही बाभळीखाली कान लावून बसलो होतो. उसाच्या कडेला तितर ओरडला. मी म्हटलं, हा कोण बरं? कुणाला येईना. आणि या मुलानं बहिणीला खाली ठेवलं, दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी धरला, आणि हुबेहूब तितर ओरडला. पलीकडून उत्तर आलं. त्यानं परत हाक दिली, परत उत्तर. तिसऱ्या हाकेला उसातून तितर चक्क बाहेर आला, मान ताठ करून, हा कोण नवा भाडेकरू आला बघायला.

त्या दिवसापासून तो 'तितरवाला' झाला. मग त्याचं तोंड थांबेना. चंडोल वर कसा चढतो, लावा पायाखालून कसा उडतो, घुबड कुठल्या पोकळीत बसतं. आणि तितर फास लावून कसा धरतात, त्याची भाजी कशी होते, हेही त्यानं तितक्याच आनंदानं सांगितलं. आता इथं बाईंनी काय करायचं? कायदा सांगायचा? त्याच्या कोपीत त्या आठवड्यात काय शिजलं होतं ते मला माहीत होतं. मी एवढंच म्हटलं की आपल्या बाभळीजवळच्या तितराला धरायचं नाही, तो आपला आहे. तो लगेच म्हणाला, "ह्येला नाय धरत. ह्यो वळखीचा झाला." मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि कोप्या उठल्या. पुढच्या वर्षी टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. मला तो परत दिसला नाही. आपल्या शिबिरांच्या यादीतला कुठला तज्ज्ञ त्याच्याहून जास्त जाणतो, हे मला बघायला आवडेल.

सहलींवरही दोन शब्द. आमच्यापासून भिगवण जवळ. थंडीनंतर धरणाचं पाणी उतरायला लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो जमतात. सगळीकडून माणसं येतात, कॅमेरे येतात, शाळांच्या बसगाड्या येतात. एका शाळेच्या सहलीबरोबर आमची मोठ्या गटातली नऊ मुलं पाठवली होती. मी सोबत होते. लाइफ जॅकेट एवढी मोठी की मुलांचे नुसते डोळे दिसत होते. बसमध्ये गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की काठावर उतरल्यावरही माझे कान वाजत होते. परत आल्यावर विचारलं, काय बघितलं? "होडी." आणखी? "वडापाव." एकीनं मात्र सांगितलं, "गुलाबी काठ्या." तेवढ्या लांबून रोहित तसेच दिसतात, तिचं काही चुकलं नाही.

पण त्याच फेरीत एक गोष्ट घडली. होडीवाले मच्छीमार काका शहाणे निघाले. पोरांचं लक्ष रोहितांकडं नाही हे ओळखून त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूनं होडी चिखलाच्या कडेला रेटली आणि बोटानं दाखवलं, "हे बघा, ह्यो शेकाट्या." हातभर अंतरावर म्हटलं तरी चालेल. काळे पंख, पांढरं पोट आणि त्या दोन लांबच लांब तांबड्या काड्या. तो एकेक काडी उचलायचा, पाण्याबाहेर काढून झटकायचा, पुढं टाकायचा. नऊच्या नऊ मुलं गप्प. दोन दिवसांनी आमच्याच कॅनॉलच्या डबक्यात तीन शेकाटे निघाले. ते तिथं आधीपासूनच असणार.

पक्षी सप्ताहाचंही असंच. ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून डॉ. सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. कल्पना फार छान आहे, दोघंही त्या मानाचे. पण तो आठवडा बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आगंमागं येतो, आणि मग फलकासमोर एक फोटो होतो नि संपतो. आमच्याकडं नोव्हेंबरात परीट आलेले असतात. हातपंपाच्या ओल्या जागेवर शेपटी वरखाली करत फिरतात. मुलांना तो जणू कपडे आपटतोय असं वाटतं, म्हणून नाव सांगावंच लागत नाही. ते थेट फेब्रुवारी-मार्चपर्यंत असतात. त्या मुक्कामापुढं आठ दिवसांचं काय घेऊन बसलात?

जानेवारीत ज्वारीवर भोरड्या पडतात तेव्हा मात्र माझी पंचाईत होते. संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात असे वळतात की धुराचा लोट कुणीतरी हातानं फिरवतंय. मुलांना घेऊन मी ते बघत होते, आणि बाजूच्या पट्टीत माळ्यावर उभे राहून एकाचे आजोबा गोफणीनं त्याच भोरड्यांवर दगड भिरकावत होते. नातू एकदा माझ्याकडं बघतो, एकदा आज्ज्याकडं. शेवटी म्हणाला, "बाई, आज्जा हाणतोय आन् तुम्ही बघा म्हणताय." आजोबांनी वरूनच उत्तर दिलं, "आरं, बघ बी आन् हाण बी. हाणल्याबिगर हुरडा मिळायचा न्हाय. पर टोळ बी त्याच खात्यात, ध्येनात ठेव." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

नावांबद्दल माझा थोडा हट्ट आहे. मुलं घरी जे नाव ऐकतात, त्यापासून सुरुवात. आमच्याकडं भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात. एकदा पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं तर मुलं एका आवाजात 'कुंभारकावळा' म्हणाली, आणि वहीत 'चुकीचं उत्तर' असं लिहिलं गेलं. मला ते अजून लागून आहे. तांबूस पंख, काळं अंग, कुंभाराच्या भट्टीतून निघाल्यासारखा. तीन वर्षांच्या मुलाला हे नाव दिसतं. भारद्वाज पुढं शाळेत कळेलच. याउलट हुप्या पक्ष्याला, म्हणजे हुदहुदला, सगळा गाव सुतार म्हणतो, तिथं मात्र मी दुरुस्त करते, कारण तो झाड टोकरत नाही, जमिनीतले किडे काढतो. हे मुलांनी स्वतः बघितलेलं असतं. घरी जाऊन त्यांनी आज्जीला दुरुस्त केलं की आज्जी माझ्याकडं तक्रार घेऊन येते.

आज्जींवरून आठवलं. टिटवी रात्री ओरडली की गावात कुणीतरी जाणार, हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. छकुलीच्या आज्जीनं एका रात्री टिटवी ओरडल्यावर देवाचं नाव घेतलं, तर ही अंथरुणातून म्हणाली, "काय न्हाय गं, कुत्रं आलं आसंल अंड्याजवळ." आज्जीनं दुसऱ्या दिवशी मला हे सांगितलं. रागानं की कौतुकानं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

हे सगळं मी काही नवीन करते असा माझा दावा नाही. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी सांगितलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून पानं, बिया, शंख, खडे, पिसं हीच साधनं केली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं जिथं गुरं घेऊन जातील तिथं शाळा. आज आम्ही नावात 'अंगण' ठेवलं आणि मुलांना खोलीत बसवलं. आता तर हजेरी, वजन, उंची सगळं मोबाइलमध्ये भरायचं. भरते, त्याचाही उपयोग आहे. पण फोटोत मुलं खोलीत बसलेली दिसली की काम झालं आणि बाहेर दिसली की विचारणा होते, हे काही बरं नाही.

संपादक महाशय, तुमच्याकडं एकच मागणं. रविवारच्या पानावर लहान मुलांसाठी रंगवायचं चित्र असतं. मी ते कापून ठेवते, आमच्याकडं वापरतो. गेल्या काही महिन्यांत मकाव आला, पेंग्विन आला, एक टूकन की काय तोही आला. एकदा टिटवी छापा. साळुंकी, कोतवाल, वेडा राघू छापा. वेडा राघू मकावाइतकाच रंगीत आहे, आणि तो आमच्या विजेच्या तारेवर बसतो. मूल चित्र रंगवता रंगवता उठून बाहेर जाऊन बघू शकेल, की गळ्याखालचा पट्टा काळाच आहे ना. मकावाचं कुठं जाऊन बघणार?

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी आज रात्रीच पत्र पूर्ण करतेय. आमच्या अंगणवाडीचं सुशोभीकरण मंजूर झालं आहे. मागच्या मुरमाड जागेवर पेव्हर ब्लॉक बसणार, भिंतीवर कार्टून निघणार, बाभूळ 'काट्यांची' म्हणून तोडणार. बाभळीसाठी मी हातापाया पडले. पावसाळ्यात तिच्यावर सुगरणी येतात. नर उसाच्या पानाला चोचीनं खाच पाडतो आणि उडता उडता लांब पट्टी सोलून नेतो. पोरांनी तशीच पट्टी काढायचा प्रयत्न केलाय, मीही केलाय, दरवेळी मधेच तुटते. बाभूळ राहील असं तोंडी कबूल झालंय. मुरमाचं मात्र कुणाला पटत नाही. मोकळी, उघडी जागा म्हणजे सगळ्यांना ती वाया गेलेलीच वाटते. मी म्हटलं, मागचा एक कोपरा, दोन गुंठे, तसाच सोडा. हसले.

टिटवी या वर्षीही आली आहे. सोमवारी दोन अंडी होती, बुधवारी तीन. आज सकाळी चौथं दिसलं. म्हणजे इथून पुढं चार आठवडे. मुलांनी दगडांची ओळ मांडली, दोरी घेऊन आम्ही ओळीअलीकडं बसलो, आणि तेवढ्यात ब्लॉकचा पहिला ट्रॅक्टर आला. टिटवी ट्रॅक्टरच्याही डोक्यावर गेली. ठेकेदार खाली उतरला, मी अंडी दाखवली, त्याला बराच वेळ दिसली नाहीत. छकुलीच्या धाकट्या भावानं त्याची करंगळी धरून, ओळ न ओलांडता, "त्या लेंडीच्या हिकडं" असं सांगून दाखवली. मी म्हटलं, काम हातपंपाच्या बाजूनं सुरू करा, इकडं शेवटी या. तो म्हणाला, "बघू, बाई."

ट्रॅक्टर सध्या हातपंपाजवळ उभा आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. इंदापूर, जि. पुणे